राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालय : स्थापना, संग्रह आणि आगीची हानी

नवी दिल्लीतील राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालयाची कल्पना १९७२ साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी मांडली. प्रत्यक्षात हे संग्रहालय ५ जून १९७८ रोजी, जागतिक पर्यावरण दिनी, जनतेसाठी खुले झाले. मंडी हाउस परिसरातील फिक्कीच्या इमारतीत भाड्याच्या जागेत ते सुरू झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. पर्यावरण मंत्रालयाच्या अखत्यारीतील या राष्ट्रीय संस्थेला राजधानीत स्वतःची वास्तू मिळू शकली नाही, हे खेदजनकच म्हणावे लागेल.

संशोधनापेक्षा लोकशिक्षण हा या संग्रहालयाचा मुख्य हेतू होता. निसर्गाची ओळख, परिसंस्था, संवर्धन आणि पेशी या विषयांची दालने तेथे होती. पेंढा भरून जतन केलेले प्राणी, सर्प, फुलपाखरे आणि वनस्पतींचे नमुने यांच्या साहाय्याने हे विषय समजावून दिले जात. सॉरोपॉड या महाकाय डायनोसॉरचे सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचे अश्मीभूत हाड हे तेथील प्रमुख आकर्षण होते. मुलांसाठी वेगळा शोधकक्ष होता. इतरत्र काचेआड राहणारे नमुने तेथे हाताळून पाहता येत असत. दिल्लीतील अनेक पिढ्यांच्या शालेय सहली या कक्षात येऊन गेल्या.

२६ एप्रिल २०१६ च्या मध्यरात्रीनंतर इमारतीच्या सहाव्या मजल्यावर आग लागली आणि ती संग्रहालयाच्या मजल्यांवर पसरली. तीसहून अधिक बंब घटनास्थळी धावले. धुरामुळे अग्निशमन दलाच्या काही जवानांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. परंतु जवळपास चार दशकांचा संग्रह भस्मसात झाला. इमारतीतील अग्निशमन यंत्रणा काम करीत नव्हती, असे त्या वेळी सांगण्यात आले. तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी घटनास्थळाची पाहणी केली आणि मंत्रालयाशी संलग्न संग्रहालयांची अग्निसुरक्षा तपासण्याचे आदेश दिले.

या हानीचे स्वरूप नीट समजून घेणे आवश्यक आहे. एखाद्या प्रजातीचे पहिले वर्णन ज्या नमुन्यावरून केले जाते, त्या मूळ नमुन्याची जागा दुसरा नमुना घेऊ शकत नाही. भारतातील असे महत्त्वाचे नमुने मुख्यतः कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत आणि १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मुंबईतील संग्रहात आहेत. वैज्ञानिक संदर्भाचे हे भांडार त्यामुळे सुरक्षित राहिले. दिल्लीत गेले ते प्रामुख्याने मुलांना निसर्ग प्रत्यक्ष दाखवणारे साधन. याउलट, २ सप्टेंबर २०१८ रोजी ब्राझीलमधील रिओ दि जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली, तेव्हा संशोधनाचे अमूल्य साहित्यही नष्ट झाले.

दिल्लीचे संग्रहालय जळाले तरी त्याच्या प्रादेशिक शाखा शाबूत राहिल्या. म्हैसूर येथे कारंजी तलावाच्या काठी १९९५ साली, भोपाळ येथे १९९७ साली आणि भुवनेश्वर येथे २००४ साली प्रादेशिक संग्रहालये सुरू झाली. त्यानंतर रणथंबोर अभयारण्याजवळ सवाई माधोपूर येथेही एक संग्रहालय उभे राहिले. भुवनेश्वरच्या संग्रहात देवमाशाचा सांगाडा असून, मादागास्करमधून नामशेष झालेल्या हत्ती-पक्ष्याचे अंडेही आहे.