पोलिओचे थेंब : लाभ आणि धोका

आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्यें 'दक्षिण सातारा' या नांवानें जन्मास आला आणि १९६० मध्यें सांगली झाला. या जोडमुलखांत, कोयनेच्या खोऱ्यापासून जतच्या माळापर्यंत, घरोघरीं लस पोंचविणें सोपें काम नव्हे. ऊसतोडीच्या हंगामांत तर बिऱ्हाड आज या फडावर, उद्यां त्या. सुईस शिकलेला हात लागतो. थेंब मात्र अंगणवाडीची सेविकाही फडावर उभ्याउभ्या पाजते व बाळाच्या डाव्या करंगळीस शाई लावून पुढें जाते. १९९५ मध्यें आरंभिलेली देशव्यापी मोहीम याच सोयीवर उभी राहिली. भारतांतील अखेरचा नैसर्गिक पोलिओरुग्ण १३ जानेवारी २०११ रोजीं हावड्यास आढळला आणि २०१४ मध्यें आपला देश पोलिओमुक्त ठरला.

या थेंबांत दुर्बल केलेले, पण जिवंत, विषाणू असतात. ते आंतड्यांत वाढून तेथेंच प्रतिकारशक्ति निर्माण करतात, आणि शौचावाटे बाहेर पडून शेजारच्या मुलासही संरक्षण देतात. साल्क यांच्या १९५५ च्या मृत लसीस हें साधत नाहीं. परंतु जिवंतपणा हाच धोकाही आहे. क्वचित् तो विषाणू आपलें जुनें बळ परत मिळवितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें सुमारें २७ लक्ष मात्रांमागें एक मूल पांगळें होतें. ज्या घरीं हा एक पडतो, त्या घरास तो आंकडा लहान वाटत नाहीं.

माझ्या मतें खरा वाद दुसऱ्या प्रकारच्या विषाणूचा आहे. नैसर्गिक रूपांत तो १९९९ मध्यें अलीगढला अखेरचा दिसला. तरी लसींत तो एप्रिल २०१६ पर्यंत राहिला. शत्रु गेला, पण पहारेकरी शस्त्र परजीत घरांत हिंडतच होता! अर्थात् त्यास एकाएकीं काढणेंही निर्धोक नव्हतें. मागाहून जन्मलेलीं मुलें उघडीं पडलीं असतीं, आणि समाजांत फिरत असलेल्या लसीच्याच विषाणूनें त्यांना गांठलें असतें. म्हणून २०१५ च्या अखेरीस टोंचण्याची मृत लस आधीं सुरू झाली, मग बदल झाला. इतकी खबरदारी घेऊनही २०१८ मध्यें एका उत्पादकाच्या लसींत तोच वगळलेला प्रकार सांपडला, आणि ती लस महाराष्ट्रांतही आलेली होती. हा दोष थेंबांचा नव्हे, देखरेखीचा. मेघालयांत २०२४ मध्यें एक बालक लसजन्य विषाणूनेंच आजारी पडलें.

मग थेंब बंदच कां करीत नाहींत, असें कोणी विचारील. अफगाणिस्तान व पाकिस्तान येथें नैसर्गिक विषाणू अद्याप आहे, म्हणून. तूर्त साताऱ्याच्या काय, सांगलीच्या काय, बाळास दोन्ही मिळतात : तोंडांत थेंब, आणि सहाव्या व चौदाव्या आठवड्यांत, तसेंच नवव्या महिन्यांत, दंडांत मृत लस.