तुरुंगवासाचें कोष्टक



लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयाचे अठराव्या शतकांतील निकाल वाचूं लागलें म्हणजे एक चमत्कारिक आंकडा पुनःपुन्हां डोळ्यांसमोर येतो. कोणी धन्याच्या घरांतून रुप्याचीं भांडीं लांबविलेलीं असतात, कोणीं घड्याळ आणि वस्त्रें पळविलेलीं असतात. मालाची किंमत उघड उघड पुष्कळ अधिक असते. आणि तरीहि शपथ घेतलेले बारा पंच निःशंकपणें सांगतात कीं, चोरीचा माल एकोणचाळीस शिलिंगांचा होता. चाळीस नव्हेत, एकोणचाळीस! कारण इ. स. १७१३ च्या कायद्यानें राहत्या घरांतून चाळीस शिलिंगांची चोरी करणाऱ्यास फांशी सांगितली होती. एक शिलिंग कमी लिहिला कीं एक मान वांचत असे. ब्लॅकस्टन या थोर कायदेपंडितानें या असत्याला ‘धर्मशील शपथभंग’ अशा अर्थाचें नांव दिलें आहे.

गंभीर अपराध शाबीत झाल्यावर अपराध्यानें तुरुंगांत किती वर्षें काढावयाचीं, हें ठरतें कसें आणि ठरवितो कोण, हा आजचा माझा विषय आहे. वरवर पाहतां तो रुक्ष वाटेल. पण ज्याला तीं वर्षें काढावीं लागतात त्याला तो तसा वाटत नाहीं. मी मुख्यतः अमेरिकेची हकीगत सांगणार आहे. कारण हा हिशेब कोष्टकांत बसविण्याचा प्रयत्न त्या देशानें जितक्या हट्टानें केला, तितका दुसऱ्या कोणीं केलेला मला ठाऊक नाहीं. परंतु एकोणचाळीस शिलिंगांचा तो आंकडा श्रोत्यांनीं कृपा करून ध्यानांत ठेवावा.

इंग्रजी कायद्यांत गंभीर अपराधांच्या वर्गाला ‘फेलनी’ असें नांव होतें, आणि या वर्गाला मूळची शिक्षा बहुतेक एकच, मृत्यु. जेथें शिक्षा एकच आहे तेथें वर्षें मोजण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. पुढें १७१८ च्या कायद्यानें अपराध्यांना सात किंवा चौदा वर्षांसाठीं समुद्रापार अमेरिकेंतील वसाहतींत पाठविण्याची प्रथा पक्की झाली, आणि शिक्षा वर्षांनीं मोजण्याची संवय लोकांना लागली. इंग्लंडनें १९६७ मध्यें फेलनी हा वर्गच मोडीत काढला. अमेरिकेनें मात्र तो जपून ठेवला आहे. एक वर्षाहून अधिक कारावास ज्याला होऊं शकतो तो अपराध फेलनी, अशी तेथील सर्वसाधारण व्याख्या आहे.

स्वातंत्र्य मिळाल्यावर अमेरिकनांनीं फांशीची व्याप्ति आंखडती घेतली. फिलाडेल्फियांतील वॉलनट स्ट्रीटच्या तुरुंगांत १७९० च्या सुमारास कैद्यांना कोठडींत एकांतवास देण्याचा नवा प्रयोग सुरू झाला. मरणाच्या जागीं तुरुंग आला, आणि त्याच्या पाठोपाठ ‘किती?’ हा प्रश्न आला. त्याला विधिमंडळांनीं दिलेलें उत्तर सोपें होतें : आम्ही वरची मर्यादा आंखून देतों, खालचें न्यायाधीशानें पाहून घ्यावें. आपल्याकडील १८६० च्या दंडसंहितेची रीतहि बव्हंशीं हीच होती. अमुक वर्षें ‘पर्यंत’ असा तो शब्द असे, आणि त्या ‘पर्यंत’ मध्यें न्यायाधीशाचें सारें राज्य सामावलेलें असे. राजद्रोहाच्या एकाच कलमाखालीं लोकमान्यांना १८९७ मध्यें अठरा महिने आणि १९०८ मध्यें सहा वर्षें झालीं, हें महाराष्ट्राला सांगावयास नको.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या विचाराला निराळेंच वळण लागलें. न्यूयॉर्क संस्थानांत एल्मायरा येथें १८७६ मध्यें एक सुधारगृह उघडलें आणि झेबुलन ब्रॉकवे नांवाचा गृहस्थ त्याचा अधिकारी झाला. त्याचें म्हणणें असें कीं, अपराध हा एक रोग आहे. रोगी रुग्णालयांत शिरतांच तो कोणत्या तारखेस बरा होईल हें वैद्य सांगत नाहीं, मग न्यायाधीशानें तरी तें कां सांगावें? शिक्षेची मुदत मोकळी ठेवावी, कैदी सुधारला म्हणजे त्याला सोडावा. हें मत सुशिक्षितांना फार पटलें. १९१० मध्यें मध्यवर्ती सरकारच्या कैद्यांसाठींहि ‘पॅरोल’ची, म्हणजे अटींवर मुदतीपूर्वीं सुटकेची, मंडळें आलीं. न्यायाधीशानें पंधरा वर्षें सांगावीं आणि मंडळानें सहा वर्षांनीं दार उघडावें, असा क्रम पडून गेला. कैद्यांचें त्यांत एक दुःख होतें. आपण केव्हां सुटणार हें त्यांना ठाऊक नसे, आणि मंडळापुढें पश्चात्तापाचा अभिनय ज्याला चांगला साधे तो लवकर घरीं जाई.

या व्यवस्थेवर सर्वांत मोठा घाव घातला तो एका न्यायाधीशानेंच. न्यूयॉर्कच्या मध्यवर्ती न्यायालयांतील मार्व्हिन फ्रँकेल यांनीं १९७३ मध्यें एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांचा मुद्दा असा कीं, दुसऱ्या कोणत्याहि बाबतींत न्यायाधीशाला कारणें द्यावीं लागतात. मनुष्याच्या आयुष्यांतील वर्षें काढून घेतांना मात्र तीं द्यावीं लागत नाहींत. पुढल्याच वर्षीं त्याच प्रांतांतील पन्नास न्यायाधीशांना तींच तींच कागदपत्रें देऊन, तुम्ही काय शिक्षा द्याल, असें विचारण्यांत आलें. धमकी देऊन पैसे उकळल्याच्या एका प्रकरणांत एकानें तीन वर्षें लिहिलीं. दुसऱ्यानें वीस वर्षें, वर पासष्ट हजार डॉलर दंड. आरोपी तोच, कागद तेच. फरक काय तो न्यायाधीशाच्या स्वभावाचा.

यांतून १९८४ चा कायदा निघाला. एडवर्ड केनेडी आणि स्ट्रॉम थर्मंड हे दोन सिनेटर एरव्हीं क्वचितच एका बाजूला दिसत. या कायद्यामागें दोघेहि होते. एकाच्या पक्षाला शिक्षा मनमानी वाटत होत्या, दुसऱ्याच्या पक्षाला त्या सौम्य वाटत होत्या. कायद्यानें सात सभासदांचा एक आयोग नेमला, आणि मध्यवर्ती न्यायालयांपुरता पॅरोल बंद केला. मिनेसोटा संस्थानानें १९८० मध्यें असाच आयोग करून नियम केले होते, आणि ते करतांना आपल्या तुरुंगांत जागा किती आहे याचाहि हिशेब ठेवला होता. त्या शहाणपणाचें अनुकरण वॉशिंग्टननें मनापासून केलें नाहीं.

आयोगापुढें पहिलीच अडचण तत्त्वाची आली. शिक्षा कशासाठीं? पापाच्या प्रमाणांत प्रायश्चित्त म्हणून, कीं इतरांना दहशत बसावी म्हणून? सभासदांचें एकमत होईना. तेव्हां त्यांनीं एक व्यवहारी तोड काढली : न्यायाधीश आजवर काय करीत आले तें पाहावें. सुमारें दहा हजार प्रकरणांची बारकाईनें छाननी झाली, त्यांतून सरासऱ्या निघाल्या, आणि कांहीं अपराधांच्या बाबतींत, विशेषतः अमली पदार्थ आणि प्रतिष्ठितांच्या अफरातफरी यांच्या बाबतींत, त्या मुद्दाम चढविण्यांत आल्या. १ नोव्हेंबर १९८७ रोजीं हे नियम अमलांत आले. त्यांचें कोष्टक एका पानावर मावतें. उभ्या बाजूस अपराधाच्या गंभीरपणाच्या त्रेचाळीस पायऱ्या, आडव्या बाजूस पूर्वचरित्राचे सहा वर्ग. एकूण दोनशें अठ्ठावन्न घरें, आणि बहुतेक प्रत्येक घरांत महिन्यांचे दोन आंकडे. या दोहोंतील अंतर किती असावें हेंहि कायद्यानें बांधून दिलें : खालच्या आंकड्याच्या चौथाईहून अधिक नको, किंवा सहा महिन्यांहून अधिक नको; दोहोंत मोठें असेल तें.

उदाहरण घेऊं. एका मनुष्यानें बँकेंत शिरून पिस्तूल रोखलें आणि थोडी रक्कम लुटली. त्याचा हा पहिलाच अपराध. कायद्याची वरची मर्यादा पाहिली तर शस्त्र दाखवून बँक लुटणाऱ्यास पंचवीस वर्षें होऊं शकतात. खालीं कांहींच नाहीं. आतां कोष्टक काय म्हणतें? लुटीच्या वीस पायऱ्या, बँकेचा पैसा म्हणून दोन अधिक, पिस्तूल रोखलें म्हणून पांच अधिक, झालें सत्तावीस. त्यानें वेळींच गुन्हा कबूल केला, म्हणून तीन वजा. चोविसावी पायरी, पहिला वर्ग : एक्कावन्न ते त्रेसष्ट महिने. हाच मनुष्य मागें अनेकदां तुरुंग पाहून आलेला, सहाव्या वर्गांतला असता, तर त्याच पायरीवर शंभर ते एकशें पंचवीस महिने. चांगल्या वागणुकीबद्दल वर्षाकाठीं चौपन्न दिवसांपर्यंत सूट मिळते. बाकीचे दिवस मोजून काढावयाचे. ही बेरीज न्यायाधीशासाठीं प्रथम मांडतो तो ‘प्रोबेशन’ खात्याचा अधिकारी.

येथपर्यंत सर्व स्वच्छ दिसतें. पण याच मनुष्याविरुद्ध सरकारी वकिलानें आणखी एक आरोप ठेवला, कीं लूट करतांना बंदूक दाखविली हा स्वतंत्र अपराध, तर चित्र पार पालटतें. त्या कलमाला किमान सात वर्षें सक्तीचीं आहेत आणि तीं दुसऱ्या शिक्षेला जोडून भोगावयाचीं असतात. पिस्तुलाच्या पांच पायऱ्या तेव्हां गळतात; एकोणिसाव्या पायरीचे तीस ते सदतीस महिने राहतात, आणि त्यांवर चौऱ्यायशीं महिने चढतात. म्हणजे एकशें चौदा ते एकशें एकवीस! बँक तीच, पिस्तूल तेंच, मनुष्य तोच. शिक्षा जवळजवळ दुप्पट. आणि हा निर्णय भर न्यायालयांत, कारणें देऊन, न्यायाधीश करीत नाहीं. सरकारी वकील आपल्या कचेरींत बसून करतो. शंभरांतील नव्वदांहून अधिक आरोपी तेथें गुन्हा कबूल करून मोकळे होतात, त्याचें इंगित पुष्कळसें या दोन आंकड्यांच्या अंतरांत आहे. न्यायाधीशाच्या हातांतील लहर काढून घ्यावयाची होती, ती नाहींशी झाली नाहीं. तिनें घर बदललें.

अमली पदार्थांच्या बाबतींत तर कायदेमंडळानें आयोगाचीहि वाट पाहिली नाहीं. जून १९८६ मध्यें लेन बायस हा तरुण बास्केटबॉलपटू कोकेननें दगावला. देशभर हळहळ झाली, आणि कांहीं महिन्यांतच कायदा तयार झाला. पूड-कोकेन पांचशें ग्रॅम विकणाऱ्यास किमान पांच वर्षें. ‘क्रॅक’ म्हणून त्याचाच जो खडा करतात तो पांच ग्रॅम विकणाऱ्यासहि किमान पांच वर्षें. हें शंभरास एक प्रमाण कोणत्या शास्त्रावर बसविलें? चर्चेंत वीसपट निघालें, पन्नासपट निघालें, आणि शेवटीं शंभरपट ठरलें, याहून अधिक शास्त्र त्यांत नव्हतें. खडा विकणारे म्हणून शिक्षा झालेल्यांत प्रचंड बहुसंख्या कृष्णवर्णीयांची होती. आयोगानेंच १९९५ मध्यें हा भेद काढून टाकावा असें सुचविलें. कायदेमंडळानें तें फेटाळलें.

आतां त्या एकोणचाळीस शिलिंगांकडे वळूं. जुन्या लंडनमध्यें मालाचें मोल पंच ठरवीत, आणि मोलावर माणसाचें मरण ठरे. नव्या अमेरिकेंत नियमांपुरतें वजन ठरविण्याचें काम पंचांकडून काढून न्यायाधीशाकडे दिलेलें होतें, आणि तेंहि संशयातीत पुराव्यानें नव्हे, तर ‘हें अधिक संभवनीय दिसतें’ एवढ्यावर. पंचांनीं ज्या आरोपांतून सोडलें त्या आरोपाचीहि पायऱ्या चढवितांना गणना होऊं शके. १९९७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याला मान्यता दिली होती. काजळी धरलेल्या दिव्याच्या उजेडांत शिलिंग कमी लिहिणारे ते बारा दुकानदार मला येथें फार आठवतात. खोटें लिहीत होते खरे. पण मान कोणाची जाणार हें त्यांना समोर दिसत होतें.

१२ जानेवारी २००५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं निर्णय दिला कीं, न्यायाधीशानें एकट्यानें ठरविलेल्या गोष्टींवरून शिक्षा सक्तीनें वाढविणारे नियम पंचांच्या हक्काविरुद्ध आहेत. उपाय मात्र असा सांगितला कीं, कोष्टक रद्द न करतां तें केवळ सल्ल्यादाखल समजावें. तेव्हांपासून न्यायाधीशानें प्रथम बेरीज करावयाची, घर शोधावयाचें, आणि मग वाटल्यास कारणें देऊन त्याबाहेर जावयाचें, असा क्रम आहे. फ्रँकेल यांना हव्या होत्या त्या कारणांचा असा तीस वर्षांनीं प्रवेश झाला. सुटलेल्या आरोपांची गणना नोव्हेंबर २०२४ पासून आयोगाच्या नियमांतून बहुतांशीं वगळली गेली. सक्तीचीं किमान वर्षें मात्र कायद्यांत आहेत. त्यांना सल्ला म्हणतां येत नाहीं.

कोकेनचें प्रमाण २०१० मध्यें शंभरावरून अठरावर आलें : आतां पांच वर्षांसाठीं पांचांऐवजीं अठ्ठावीस ग्रॅम लागतात. जुन्या कैद्यांनाहि याचा लाभ मागतां यावा असा कायदा २०१८ मध्यें झाला, आणि हजारों जुनीं प्रकरणें पुन्हां वर आलीं. त्यांतील एक फ्लॉरिडाचें होतें. सुमारें चार ग्रॅम खडा जवळ बाळगल्याबद्दल, पूर्वींच्या शिक्षांमुळें वरच्या वर्गांत पडून, त्या माणसाला १८८ महिने झाले होते. पांच ग्रॅमवाल्याला आणि पन्नास ग्रॅमवाल्याला नवा कायदा लागू पडत होता. जून २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें सांगितलें कीं, याला तो लागू पडत नाहीं. कारण याच्याजवळचा माल इतका थोडा होता कीं, ज्या कलमाखालीं त्याला शिक्षा झाली त्यांत किमान वजनाची अटच नव्हती, आणि जी अट नव्हती ती बदललीहि नव्हती.