तळटीप : ‘जळण’

१. जळण : बारामती-इंदापूर पट्ट्यात चुलीपुढचे बाभळीचे सरपण, तुराट्या, गोवऱ्या हे सगळे जळणच. प्रस्तुत उताऱ्यात मात्र गुऱ्हाळाच्या चुलवणात घालायची, उन्हात वाळवलेली उसाची चिपाडे अभिप्रेत आहेत. माळेगाव, भवानीनगर येथील साखर कारखान्यांत हाच चोथा बगॅस म्हणून थेट बॉयलरमध्ये जातो. त्यात सुमारे निम्मे पाणी असूनही त्याच्या वाफेवर कारखाना चालतो. ट्रॅक्टरच्या डिझेलला कोणी जळण म्हणत नाही, ते इंधन. इंग्रजी ‘फ्युएल’ (मूळ लॅटिन ‘फोकुस’, म्हणजे चूल) आणि तुर्की ‘याकित’ (‘याकमाक’, म्हणजे जाळणे) हे शब्द लाकूड, डिझेल दोन्हींना चालतात. मराठीतला हा मोलाचा भेद राखण्यासाठी मूळ शब्द कायम ठेवला आहे. — संपा.