‘कळले’ आणि ‘माहीत होते’ : स्पॅनिश भूतकाळांची कहाणी

‘दिवाणाला कट माहीत होता’ आणि ‘दिवाणाला कट कळला’ ही दोन विधाने एखाद्या चौकशीत नोंदवली गेली, तर दिवाणाचे भवितव्य त्यांतल्या एका क्रियापदावर ठरेल. पहिल्यात तो आधीपासून जाणून होता, म्हणजे कदाचित सामीलही होता. दुसऱ्यात त्याला एका विशिष्ट क्षणी बातमी लागली. मराठीत यासाठी आपण दोन वेगळे शब्द वापरतो. स्पॅनिशमध्ये क्रियापद एकच, ‘साबेर’. त्याचा एक भूतकाळ ‘साबीआ’, म्हणजे माहीत होते. दुसरा ‘सुपो’, म्हणजे कळले. जुन्या स्पॅनिश कागदपत्रांचा अनुवाद करणाऱ्याने इथे डुलकी घेतली, तर तो एका माणसावरचा आरोप बदलून टाकतो.

पुण्यात स्पॅनिश शिकवताना दरवर्षी नवे विद्यार्थी मला विचारतात, की या भाषेला इतके भूतकाळ हवेत कशाला, आणि कोणता कधी वापरायचा? पाठ्यपुस्तके नियमांची यादी देतात आणि त्याहून लांब यादी अपवादांची. मला वाटते, हे काळ कुठून आले, त्यांना नावे कोणी दिली आणि त्या नावांवरून वाद का झाला, हे पाहिले तर यादीची गरज बरीच कमी होते.

आधी रूपे पाहू. ‘कान्तार’ म्हणजे गाणे. ‘कान्ते’ म्हणजे मी गायलो. ‘कान्ताबा’ म्हणजे मी गात होतो, किंवा गात असे. ‘ए कान्तादो’ म्हणजे मी गायलो आहे. ‘आबीआ कान्तादो’ म्हणजे मी गायलो होतो. आणखीही एक रूप आहे, पण ते आज बोलण्यात जवळपास उरलेले नाही.

यांतली पहिली दोन थेट लॅटिनमधून आली. लॅटिनमध्ये ‘कान्तावी’ हे एकच रूप ‘गायलो’ आणि ‘गायलो आहे’ ही दोन्ही कामे करी. पुढे लोकांच्या बोलण्यात एक नवी रचना रुजली. ‘लिहिलेली पत्रे माझ्यापाशी आहेत’ अशा अर्थाचे वाक्य हळूहळू ‘मी पत्रे लिहिली आहेत’ या अर्थाने वापरले जाऊ लागले. ‘पाशी असणे’ दाखवणारे ‘हाबेरे’ हे क्रियापद झिजून साहाय्यक बनले, आणि त्यातून ‘ए कान्तादो’ जन्माला आले.

मराठी वाचकाला ही वाट ओळखीची वाटेल. आपला भूतकाळही धातुसाधितातूनच आला आहे. संस्कृतातल्या ‘मया लिखितम्’ या रचनेचा वारसा ‘मी लिहिले’मध्ये आहे, म्हणूनच ‘त्याने पत्र लिहिले, पत्रे लिहिली’ असे क्रियापद कर्माप्रमाणे बदलते आणि ‘तो आला, ती आली’ यांत मात्र कर्त्याप्रमाणे. मध्ययुगीन स्पॅनिशमध्येही असेच होते. ‘पत्रे लिहिली आहेत’ म्हणताना धातुसाधित पत्रांच्या लिंगवचनाप्रमाणे चाले. येणे-जाणे अशा क्रियापदांना ‘हाबेरे’ऐवजी ‘असणे’ हे साहाय्यक लागे आणि धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदले. कर्माशी असलेली जुळणी मध्ययुगाच्या अखेरीस मागे पडली, ‘असणे’ सतराव्या शतकापर्यंत रेंगाळले. आपण अजून तिथेच आहोत, स्पॅनिश पुढे निघून गेली.

हे बदलते चित्र पहिल्यांदा नीट टिपले आंतोनियो दे नेब्रिखाने. त्याचे कास्तीलियन भाषेचे व्याकरण १८ ऑगस्ट १४९२ रोजी सालामांका येथे छापून पूर्ण झाले. त्याच महिन्याच्या ३ तारखेला कोलंबस पालोस बंदरातून निघाला होता. नेब्रिखाने ग्रंथ इसाबेल राणीला अर्पण केला आणि प्रस्तावनेत भाषा व साम्राज्य यांची उघड सांगड घातली : जिंकलेल्या लोकांना जेत्यांचे कायदे समजायचे तर जेत्यांची भाषा शिकवावी लागेल, आणि त्यासाठी व्याकरण हवे.

नेब्रिखाचे कान तिखट होते. ‘ए कान्तादो’मधले धातुसाधित आता लिंगवचनाने बदलत नाही हे त्याने ओळखले आणि त्याच्यासाठी वेगळी शब्दजातच कल्पिली. काळांची नावे मात्र त्याने लॅटिनच्या साच्यातून घेतली. ‘कान्ताबा’ हा ‘न संपलेला भूतकाळ’, ‘कान्ते’ हा ‘संपलेला भूतकाळ’ आणि ‘आबीआ कान्तादो’ हा ‘संपलेल्याहूनही अधिक संपलेला’. आपल्या शाळेतले ‘अपूर्ण’ आणि ‘पूर्ण’ याच जातकुळीतले. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यासमोरही संस्कृत आणि इंग्रजी व्याकरणांचे साचे होतेच. नव्या भाषेला जुन्या प्रतिष्ठित भाषेची नावे देणे हा त्या काळी तिचा मान वाढवण्याचा मार्ग होता.

पण नाव चुकले की शिकणारा चुकतो. ‘अपूर्ण’ म्हटले की वाटते, क्रिया लांबलेली असेल तर ‘कान्ताबा’ आणि झटपट उरकली असेल तर ‘कान्ते’. स्पॅनिश तसे चालत नाही. ‘अरबी सत्ता स्पेनच्या काही भागात जवळजवळ आठशे वर्षे टिकली’ या वाक्यात आठ शतके आहेत, तरी क्रियापद ‘कान्ते’च्या वर्गातले लागते, कारण कालावधी मोजून बंद केला आहे. उलट ‘मी दार उघडले तेव्हा वीज चमकत होती’ यात क्षणाचा मामला असूनही चमकणे ‘कान्ताबा’च्या वर्गात जाते.

ही गाठ सोडवली अटलांटिकच्या पलीकडच्या एका माणसाने. आंद्रेस बेयो १७८१ साली काराकासमध्ये जन्मला. तरुण सिमोन बोलिवारला त्याने काही काळ शिकवले. १८१० मध्ये नव्या सरकारचे काम घेऊन तो लंडनला गेला आणि १९ वर्षे तिथेच राहिला. १८२९ मध्ये तो चिलीत आला. पुढे चिली विद्यापीठाचा पहिला कुलगुरू झाला, चिलीचा १८५५ चा दिवाणी कायदाही त्यानेच रचला. क्रियापदांच्या काळांवरचा त्याचा स्वतंत्र प्रबंध १८४१ मध्ये वालपाराईसो येथे प्रसिद्ध झाला, आणि १८४७ मध्ये सांतियागोत व्याकरण आले. त्याच्या नावातच ते ‘अमेरिकनांच्या वापरासाठी’ असल्याचे म्हटले होते.

बेयोने लॅटिनचा साचा बाजूला ठेवला. त्याने फक्त तीन नाती धरली : आधी, सोबत, नंतर. ‘कान्ते’ म्हणजे बोलण्याच्या क्षणाआधी. त्याला त्याने नुसते ‘भूत’ म्हटले. ‘कान्ताबा’ म्हणजे त्या भूताच्या सोबत चाललेले. त्याचे नाव ‘को-प्रेतेरितो’, म्हणजे सहभूत. ‘ए कान्तादो’ हा वर्तमानाच्या आधीचा, म्हणून ‘आन्तेप्रेसेन्ते’, पूर्ववर्तमान. ‘आबीआ कान्तादो’ हा सहभूताच्याही आधीचा. मेक्सिकोच्या शाळकरी पुस्तकांत ‘कोप्रेतेरितो’ हे नाव आजही भेटते.

‘सहभूत’ या एका शब्दाने किती उलगडते पाहा. ‘मी पोहोचलो तेव्हा पाऊस पडत होता’. माझे पोहोचणे हा खांब, पाऊस त्याच्या सोबतीला. पाऊस नंतर थांबला की नाही, याबद्दल वाक्य अवाक्षर काढत नाही. ‘ते घर जुने होते’ यातही तसेच. मी पाहिले तेव्हा जुने होते, आजही उभे असेल. ‘साबीआ’ आणि ‘सुपो’ यांचे कोडेही इथेच सुटते. ‘साबीआ’ म्हणजे इतर घटना घडत असताना ज्ञान सोबत होतेच. ‘सुपो’ म्हणजे ज्ञान हीच घटना.

मराठी विद्यार्थ्याला मी म्हणूनच सांगतो, की आपल्या भाषेत बरेच काही तयार आहे. ‘आजोबा रोज नदीवर जात’, ‘जात असत’, ‘जाई’ ही आपली रीतिभूतकाळाची रूपे डोळे मिटून ‘कान्ताबा’त टाकावीत. ‘भीती वाटत होती’ तिथे सहभूत, ‘भीती वाटली’ तिथे साधा भूत. ‘असणे’ या क्रियापदाची स्पॅनिशमध्ये ‘एरा’ आणि ‘फुए’ अशी दोन रूपे आहेत. मराठीत ‘होता’ म्हणावेसे वाटले तर बहुधा ‘एरा’. ‘समारंभ काल झाला’ असे ‘झाला’ चपखल बसत असेल तर ‘फुए’.

दोन ठिकाणी मात्र मराठी पाय ओढते. आपण सहज म्हणतो, ‘गेल्या वर्षी मी दिल्लीला गेलो होतो’, म्हणजे गेलो आणि परत आलो. स्पॅनिशमध्ये इथे साधा ‘गेलो’च हवा, ‘गेलो होतो’ तेव्हाच, जेव्हा ते दुसऱ्या एखाद्या भूतकाळी घटनेच्या आधी घडलेले असेल. दुसरे म्हणजे ‘तो तीन वर्षे तिथे राहत होता’ हे मराठीत खपते. स्पॅनिशमध्ये पूर्ण झालेली तीन वर्षे मोजलीत की ‘राहिला’च म्हणायचे.

आता उरला ‘ए कान्तादो’, आणि इथे प्रश्न अधिकाराचा होतो. माद्रिदमध्ये आज सकाळी जेवलेला माणूस ‘जेवलो आहे’ म्हणतो, काल जेवला असेल तर ‘जेवलो’. मेक्सिकोत आजचे असो वा कालचे, जेवण उरकले की ‘जेवलो’. आपल्या ‘जेवलास का?’ सारखेच. मेक्सिकन माणूस ‘आहे’चे रूप राखून ठेवतो ते अजून चालू असलेल्या गोष्टींसाठी : ‘तो अजून आलेला नाही’. कॅनरी बेटांवर, आणि स्पेनच्याच वायव्येकडील गालिसिया व आस्तुरियासमध्येही साध्या भूताकडे ओढा आहे. तरीही स्पेनमध्ये छापलेली पुस्तके घेऊन जगभर शिकवले जाते, तेव्हा माद्रिदची वाटणी ‘नियम’ होते आणि कोट्यवधी अमेरिकनांची बोली ‘अपवाद’. पुणेरी मराठी आणि बाकीच्या बोली यांचे नाते ज्याने अनुभवले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

‘आज’ची ही सीमारेषा नवी नाही. १६६० च्या पोर्ट-रॉयल व्याकरणाने फ्रेंचसाठी साधा भूतकाळ आजच्या घटनेला लावू नये असे सांगितले होते. आणि त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधी पाणिनीने आज न घडलेल्या भूतकाळासाठी ‘लङ्’ वेगळा काढला होता, तर ‘लुङ्’ आजच्या घटनेलाही चालत असे. पाणिनीने तिसरा ‘लिट्’ ठेवला तो परोक्ष घटनांसाठी, बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या. या तिसऱ्याचेही भावंड स्पॅनिशमध्ये सापडते. बोलिव्हियात ला पाझच्या पठारावर, जिथे स्पॅनिश शतकानुशतके आयमारा भाषेच्या शेजारी नांदली, तिथे ‘आला होता’ हे रूप ‘म्हणे आला’ या अर्थाने वापरतात. आयमारामध्ये स्वतः पाहिलेले आणि ऐकीव यांत क्रियापदातच फरक करावा लागतो. जेत्यांची भाषा शिकताना तिथल्या लोकांनी आपली ही सवय सोडली नाही. तिच्यासाठी त्याच भाषेतले एक रूप कामाला लावले. नेब्रिखाच्या साम्राज्याच्या हिशेबात हे बसणारे नव्हते.

बेयोची भूमिका दोन्ही टोकांपासून दूर होती. लॅटिनसारखी स्पॅनिशही फुटून तिच्या अनेक भाषा होतील याची त्याला धास्ती होती, म्हणून त्याला सामाईक शिस्त हवी होती. पण अमेरिकेतला सुशिक्षितांचा रुळलेला प्रयोग केवळ माद्रिदमध्ये ऐकू येत नाही म्हणून चूक ठरवायला तो तयार नव्हता. स्पॅनिश अकादमीची स्थापना १७१३ ची, तिचे पहिले व्याकरण १७७१ चे. अमेरिकेतल्या भगिनी अकादम्यांना बरोबर घेऊन, निरनिराळ्या देशांतले प्रयोग नोंदवणारे तिचे मोठे व्याकरण २००९ मध्ये आले. बेयोच्या ग्रंथानंतर १६२ वर्षांनी.

म्हणून ‘कोणता भूतकाळ कधी?’ या प्रश्नावर मी आधी तीन प्रश्न विचारायला सांगतो. घटना बंद करून सांगायची आहे, की तिच्या सोबत काय चालले होते ते? ती आपल्या ‘आता’ला अजून चिकटली आहे का? आणि बोलणारा कुठला आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कळल्याशिवाय जुन्या पत्रातले ‘आला होता’ अनुवादकाने उतरवू नये. ला पाझच्या माणसाने ते लिहिले असेल, तर त्याने कदाचित आपण साक्षीदार नसल्याचे सांगून ठेवलेले असते.