मोटारगाडीचा जॅक व टेकू

मोटारगाडीचा काही भाग जमिनीपासून थोड्या उंचीवर उचलण्यासाठी जॅक आणि उचललेला भार त्या उंचीवर स्थिर धरून ठेवण्यासाठी टेकू किंवा स्टँड वापरतात. ही दोन साधने सामान्यतः एकत्र वापरली जात असली, तरी त्यांची कार्ये भिन्न आहेत. जॅकमध्ये हलणारे भाग असतात व अल्प प्रेरणेने मोठा भार सरकविणे हे त्याचे काम असते. टेकूमध्ये भार घेतल्यानंतर कोणताही भाग हलत नाही. चाक काढणे, गतिरोधक तपासणे, तेल बदलणे यांसारखी कामे घरी करताना होणाऱ्या गंभीर अपघातांचे एक प्रमुख कारण म्हणजे जॅककडूनच टेकूचेही काम करून घेणे हे होय. उचलणे व पेलणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत, ही जाणीव मोटारगाडीहून कितीतरी जुनी आहे.

ग्रामीण पूर्वपीठिका : महाराष्ट्रात बैलगाडीच्या चाकाला वंगण घालण्यासाठी चाक आसावरून काढावे लागे. त्यासाठी पहार किंवा लांब वासा तरफेसारखा वापरून गाडीची एक बाजू उचलीत आणि आसाखाली लाकडाचा ठोकळा किंवा दगड सारीत. नंतर पहार काढून घेऊन भार ठोकळ्यावर सोडीत व मगच खीळ काढून चाकाचा तुंबा आसावरून ओढून घेत. पहार धरणाऱ्या माणसाच्या बळावर गाडी तोलून ठेवून कोणी चाकाशी बसत नसे. बैल सोडल्यावर गाडीची दांडी टेकविण्यासाठी दांडक्याचा टेकू लावण्याची पद्धतही अशीच. पहारेच्या जागी जॅक आणि ठोकळ्याच्या जागी पोलादी टेकू आला, तरी कामाचा क्रम बदललेला नाही.

मळसूत्री जॅक : तरफ, कप्पी, पाचर, मळसूत्र आणि रहाट या पाच साध्या यंत्रांचे विवेचन अलेक्झांड्रियाचा हेरॉन याने इ. स. पहिल्या शतकात केले होते. भार उचलणाऱ्या मळसूत्री यंत्राचे चित्र तेराव्या शतकातील फ्रेंच रेखाटनकार व्हिलार द ऑनकूर यांच्या वहीत आढळते. लिओनार्दो दा व्हिंची (१४५२–१५१९) यांच्या टिपणांतही दंतचक्रांच्या साहाय्याने चालणाऱ्या जॅकची रेखाटने आहेत. आगगाडीच्या प्रसाराबरोबर जॅकला मोठे क्षेत्र मिळाले. मुंबई व ठाणे यांदरम्यान १६ एप्रिल १८५३ रोजी लोहमार्ग सुरू झाला. एंजिने व डबे दुरुस्तीसाठी उचलणे आणि रुळावरून घसरलेला डबा पुन्हा रुळावर घेणे या कामांसाठी कर्मशाळांत व मार्गावर भक्कम जॅक आवश्यक ठरले. अमेरिकेत १८८० नंतरच्या दशकात दात्यांचा दांडा व खिटी असलेला जॅक आणि गोलक धारव्याचा उपयोग करून घर्षण कमी केलेला मळसूत्री जॅक हे दोन्ही प्रकार व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागले.

मळसूत्राचा एक गुण विशेष उपयोगी आहे. आट्यांचा चढ पुरेसा कमी ठेवल्यास दांडा सोडल्यावरही भारामुळे मळसूत्र उलटे फिरत नाही व घर्षणच भार अडवून धरते. अशा मळसूत्राची कार्यक्षमता निम्म्याहून कमी असते, म्हणजे श्रम अधिक लागतात. पण त्या बदल्यात भार आपोआप खाली येत नाही. मोटारगाडीबरोबर मिळणारा कात्री जॅक याच तत्त्वावर चालतो. त्यातील चार भुजा समभुज चौकोनासारख्या जोडलेल्या असतात व आडवे मळसूत्र फिरविले की, चौकोन उंच होतो. भुजा आणि क्षितिजपातळी यांतील कोन १५° असताना मळसूत्रावर भाराच्या सु. ३·७ पट ताण येतो, तर तो कोन ४५° झाला की, ताण भाराइतकाच राहतो. म्हणूनच हा जॅक आरंभी फिरविण्यास जड व नंतर हलका लागतो. त्याचा पाया अरुंद असल्याने आडव्या धक्क्याने तो कलंडू शकतो. मळसूत्र भार धरून ठेवीत असले, तरी कलंडण्यापासून ते वाचवू शकत नाही.

द्रवचालित जॅक : बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे तत्त्व ब्लेझ पास्काल (१६२३–६२) यांनी मांडले व त्यांचा यासंबंधीचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. जोसेफ ब्रामा यांनी इंग्लंडमध्ये १७९५ साली द्रवचालित दाबयंत्राचे एकस्व मिळविले. रिचर्ड डजन यांनी न्यूयॉर्क येथे १८५१ मध्ये सहज वाहून नेता येण्याजोग्या द्रवचालित जॅकचे एकस्व घेतले.

या जॅकमध्ये लहान दट्ट्याने तेल दाबून मोठ्या दट्ट्याखाली पाठविले जाते. लहान दट्ट्याचा व्यास १ सेंमी. व मोठ्याचा ४ सेंमी. असल्यास क्षेत्रफळांचे गुणोत्तर १ : १६ होते. त्यात १५ पट लाभ देणाऱ्या दांड्याची भर पडल्यास एकूण लाभ २४० पट होतो व १,००० किग्रॅ. भारासाठी, गळती व घर्षण वगळता, हाताने सु. ४ किग्रॅ. जोर पुरतो. उलटपक्षी लहान दट्ट्या ३ सेंमी. दाबला, तर भार जेमतेम २ मिमी. वर चढतो. हाताला हलके वाटणारे हे काम अनेक फेऱ्यांत विभागलेले असते.

अशा जॅकमध्ये सर्व भार तेलाच्या स्तंभावर व तो कोंडून ठेवणाऱ्या झडपा आणि गळतीरोधक कडी यांवर असतो. झडपेच्या बैठकीवर धुळीचा कण अडकला, कडी झिजली किंवा तेल सोडण्याची कळ नकळत फिरली, तर गाडी हळूहळू अथवा एकदम खाली येते. जॅक कितीही क्षमतेचा घेतला, तरी हा दोष नाहीसा होत नाही. चांगल्या जॅकवर व त्याच्या माहितीपत्रकात हे साधन केवळ उचलण्यासाठी आहे, अशी सूचना असते ती यामुळेच.

खड्डा, उच्चालक व घर : मोठ्या कर्मशाळांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. एस. टी.च्या आगारांत जमिनीत लांबट खड्डा ठेवण्याची पद्धत आहे. बस खड्ड्यावर उभी राहते व कामगार खाली उतरून काम करतो, त्यामुळे बस उचलावीच लागत नाही. नव्या सेवा केंद्रांत यांत्रिक अडसर असलेले दोन खांबी उच्चालक असतात, तर कारखान्यात जुळणी चालू असताना गाडी डोक्यावरील वाहकावरून टांगलेली सरकते. या तिन्ही ठिकाणी माणूस उभा असतो. घरी मात्र त्याला गाडीखाली आडवे व्हावे लागते आणि गाडी व जमीन यांतील अंतर त्याच्या देहाच्या जाडीपेक्षा फारसे अधिक नसते.

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा : देहू हे इंद्रायणीकाठचे गाव संत तुकारामांमुळे महाराष्ट्रभर परिचित आहे. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तेथून पंढरपूरला निघणाऱ्या पालखीचा रथ आजही बैल ओढतात. याच गावाच्या भोवती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशातील एक प्रमुख मोटार उद्योग क्षेत्र उभे राहिले. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स स्थापन झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर कारखान्यांना जमीन, पाणी व रस्ते मिळाले. टेल्कोने १९६६ मध्ये येथे पाय रोवले. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० मध्ये स्थापन होऊन १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. दापोडी येथे एस. टी.ची मध्यवर्ती कर्मशाळा आहे. टाटा इंडिका ही मोटारगाडी १९९८ च्या अखेरीस पिंपरीच्या कारखान्यातून बाजारात आली आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला.

या पट्ट्यात यंत्रकामाची सवय असलेला मोठा वर्ग राहतो. देहू, तळवडे, चिखली, मोशी या भागांत शेतघरांच्या जागी गृहसंकुले आली व गाडी अंगणातून तळघरातील किंवा इमारतीखालील वाहनतळात गेली. कारखान्यात अचूक साधनांनी काम करणारा कामगार सुटीच्या दिवशी घरच्या गाडीखाली जातो, तेव्हा त्याच्यापाशी कौशल्य असते. परंतु तेथील उच्चालक, सपाट जमीन व देखरेख नसते. ही उणीव योग्य साधनांनीच भरून काढावी लागते.

टायर पंक्चर झाल्यास रस्त्यावर चाक बदलण्यापुरताच कात्री जॅक गाडीबरोबर दिला जातो. भारतात २०२० मध्ये मोटारवाहन नियमांत झालेल्या बदलानुसार, टायरमधील दाब दर्शविणारी योजना व दुरुस्तीचा संच असलेल्या लहान गाड्यांना जादा चाक न ठेवण्याची मुभा मिळाली. त्यामुळे काही गाड्यांत जॅकही नसतो व तो मालकाला स्वतः निवडून घ्यावा लागतो.

जॅकची निवड : प्रथम गाडीचे वजन व तळाची उंची पाहावी. लहान मोटारगाडीचे वजन साधारणतः ८०० ते १,१०० किग्रॅ. असते, तर मोठ्या उंच गाड्यांचे २,००० किग्रॅ.च्या आसपास जाते. एंजिन पुढे असलेल्या गाडीत निम्म्याहून अधिक भार पुढील चाकांवर असतो. लहान गाडीसाठी दोन टनी व मोठ्या गाडीसाठी तीन टनी जॅक घेतल्यास पुरेशी राखीव क्षमता राहते. जॅकची किमान उंची गाडीच्या आधारबिंदूखाली मावली पाहिजे. टायरमधील हवा गेल्यावर ही जागा आणखी कमी होते. बाटलीच्या आकाराचा द्रवचालित जॅक स्वस्त व जोरकस असतो, पण तो उभा असल्याने कमी उंचीच्या गाडीखाली अडतो व त्याचा पायाही लहान असतो. चाकांचा ट्रॉली जॅक अधिक स्थिर असतो. त्याची भुजा वर चढताना वर्तुळाच्या चापात फिरते, म्हणून भार चढत असता जॅकला स्वतः थोडे पुढेमागे सरकावे लागते. फरसबंदीच्या फटीत त्याची चाके अडली, तर जॅकची बैठक आधारबिंदूवरून ओढली जाते. गुळगुळीत, कठीण व सपाट जमीन ही या जॅकची पहिली अट होय.

टेकूची निवड : टेकू जोडीने घ्यावेत. त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात दात्यांचा दांडा व खिटी असते आणि उंची पायरीपायरीने बदलते. दुसऱ्यात नळीतील भोकांतून जाड पोलादी खीळ आरपार घालतात. पहिला प्रकार सोयीचा, तर दुसरा साधा व डोळ्यांनी पडताळता येण्याजोगा आहे. अमेरिकेत २०२० मध्ये एका मोठ्या विक्रेत्याला पहिल्या प्रकारचे सु. १७ लाख टेकू परत मागवावे लागले, कारण निर्मितीतील साच्यांच्या झिजेमुळे खिटी दात्यांत पुरेशी खोल बसत नव्हती. त्यांच्या बदली दिलेल्या काही टेकूंतही वितळजोडाचे दोष आढळले. म्हणून टेकू घेताना पायांचा विस्तार, जोडांची सलगता व खिटीची बैठक पाहावी. लिहिलेली क्षमता एका टेकूची आहे की जोडीची, हेही वाचावे. विटा, दगड व सिमेंटचे पोकळ ठोकळे ठिसूळ असल्याने पूर्वसूचना न देता फुटतात. टेकू म्हणून ते वर्ज्य होत. कठीण लाकडाचे रुंद ठोकळे आडवेउभे रचून वापरता येतात.

वापराचा क्रम : गाडी सपाट जागी उभी करून हाताचा गतिरोधक लावतात व जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून अडणी देतात. घाटात बंद पडलेल्या मालमोटारीच्या चाकामागे दगड लावण्याच्या प्रथेमागे हेच तत्त्व आहे. हाताचा गतिरोधक बहुतेक गाड्यांत मागील चाकांवरच चालतो. गाडीची मागची बाजू उचलली की, त्याचा उपयोग उरत नाही आणि पुढील चाकांची अडणी हाच भरवशाचा आधार राहतो. चाक काढायचे असल्यास नट उचलण्यापूर्वीच किंचित सैल करतात. मातीवर, उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर किंवा पावसाळ्यात भिजलेल्या काळ्या जमिनीवर जॅक व टेकू खचतात. तेथे काम टाळणे उत्तम. जाड फळी खाली घातल्याने दाब विभागला जातो, पण भुसभुशीत जमीन त्यामुळे भक्कम होत नाही.

हल्लीच्या बहुतेक मोटारगाड्यांना स्वतंत्र सांगाडा नसतो. माहितीपुस्तिकेत दाखविलेल्या मजबूत जागांखेरीज इतरत्र जॅक लावल्यास पत्रा दबतो. विजेवर चालणाऱ्या गाडीत तळाशी विद्युत् घटमाला असल्याने ही दक्षता अधिकच महत्त्वाची ठरते. गाडी पुरेशी उचलल्यावर टेकू मजबूत जागेखाली ठेवून जॅक सावकाश सोडतात, म्हणजे भार टेकूवर येतो. नंतर गाडी बाजूने हाताने ढकलून पाहतात. ती डळमळल्यास पुन्हा उचलून टेकू नीट बसवितात. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सारून ठेवले, तर टेकू निसटला तरी काही अंतर शिल्लक राहते. भार टेकूवर येईपर्यंत शरीराचा कोणताही भाग गाडीखाली नेऊ नये. एंजिन चालू ठेवून अथवा गाडीत माणूस बसवून तर हे काम मुळीच करू नये. गाडी खाली घेताना हाच क्रम उलटा होतो : जॅकने भार पुन्हा उचलून टेकू काढतात व मग गाडी जमिनीवर उतरवितात.