मोस्तारचा परका नायक

युरोपांतील बोस्निया-हर्जेगोविना या देशांत नेरेत्वा नदीच्या दोन्ही तीरांवर मोस्तार हें शहर वसलेलें आहे. शहराचें नांवच मुळीं पुलाच्या रक्षकांवरून पडलें. इ. स. १५६६ मध्यें तुर्की स्थपति हैरुद्दीन याचा एका कमानीचा दगडी पूल येथें पुरा झाला. पुढें चार शतकांहून अधिक काळ मुसलमान बोस्नियाक, कॅथॉलिक क्रोएट आणि ऑर्थोडॉक्स सर्ब त्यावरून ये-जा करीत राहिले. धर्म निराळे, बोली मात्र एकमेकांस सहज समजणारी.

१९९२ सालीं युद्ध पेटलें. पुढच्याच वर्षीं कालचे मित्र बोस्नियाक व क्रोएट परस्परांवर उलटले, आणि ९ नोव्हेंबर १९९३ रोजीं क्रोएट तोफांच्या माऱ्यानें तो पूल नदींत कोसळला. पूर्वेस बोस्नियाक, पश्चिमेस क्रोएट अशी शहराची वांटणी झाली. २३ जुलै २००४ रोजीं पूल पुन्हा खुला झाला खरा. परंतु मनें दुभंगलेलींच होतीं. अशा गांवांत पुतळा उभारावा तर कोणाचा? एकाचा वीर तो दुसऱ्याचा वैरी!

तेथील कांहीं तरुणांनीं यावर विलक्षण तोड काढली. लहानपणीं तिन्ही समाजांच्या मुलांनीं ज्याचे चित्रपट सारख्याच आवडीनें पाहिले होते, त्या ब्रूस ली या चिनी वंशाच्या नटाची त्यांनीं निवड केली. शिल्पकार इव्हान फियोलिच यानें घडविलेला त्याचा पुरुषभर उंचीचा कांस्य-पुतळा नोव्हेंबर २००५ मध्यें एका उद्यानांत उभा राहिला. कोणत्याहि बाजूस आव्हान वाटूं नये म्हणून त्याचें तोंड पूर्वेस वा पश्चिमेस न करतां उत्तरेस ठेवलें, असें सांगतात.

यांत विनोद होता, तशी वेदनाहि होती. आपला म्हणावा असा एकहि समाईक नायक शहराजवळ उरला नव्हता, हेंच त्या पुतळ्यानें चारचौघांत सांगितलें. पुतळ्याची लवकरच मोडतोड झाली. दुरुस्त होऊन तो २०१३ सालीं परत आला, आणि मार्च २०२४ मध्यें चोरीस गेला. मधल्या काळांत, २००८ नंतरची नगरपालिकेची निवडणूक डिसेंबर २०२० पर्यंत होऊं शकली नाहीं. २००४ मध्यें पुन्हा उघडलेल्या जुन्या विद्यालयांत दोन्ही समाजांचीं मुलें एका छपराखालीं आलीं, पण निरनिराळ्या अभ्यासक्रमांनीं शिकूं लागलीं.

म्हणून तो उद्योग व्यर्थ ठरला काय? तसें म्हणतां येत नाहीं. वैऱ्यालाहि लहानपणीं तोच खेळ आवडत होता, ही आठवण त्या कांस्य-मूर्तीनें जागी केली. शेजारधर्माचा आरंभ एवढ्याशा आठवणीनेंहि होतो. परंतु दोन तीरांचीं मुलें एका बांकावर बसून एकच इतिहास शिकूं लागणें, हें काम शिल्पकाराच्या छिन्नीचें नव्हे. तें नागरिकांनाच करावें लागतें.