आयव्हरमेक्टिन : टोचल्यानंतर जनावराच्या रक्तात काय घडते?

पोटातील जंत आणि अंगावरील गोचीड, उवा, खरजेचे किडे या दोन्ही प्रकारच्या परजीवींवर एकाच टोचणीत चालणारे औषध म्हणून आयव्हरमेक्टिन गोठ्यागोठ्यांत परिचित आहे. जपानमधील इतो शहराजवळच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून त्याचे मूळ द्रव्य मिळाले. १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आले, आणि या शोधाबद्दल सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल हे २०१५ च्या वैद्यकाच्या नोबेलचे मानकरी ठरले.

हे औषध शिरेत देत नाहीत. मानेजवळच्या सैल कातडीखाली टोचतात. मात्रा शरीराच्या दर किलोमागे २०० मायक्रोग्रॅम. एक टक्का द्रावण असेल, तर ३०० किलो वजनाच्या गायीला ६ मिलिलिटर, म्हणजे प्रत्यक्ष औषध अवघे ६० मिलिग्रॅम. तोंडावाटे दिल्यास ओटीपोटातील चाऱ्याला चिकटून त्याचा काही भाग रक्तापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून गुरांमध्ये टोचणी अधिक भरवशाची.

आयव्हरमेक्टिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण चरबीत सहज मुरते. त्याच्या पुढच्या साऱ्या वागणुकीचे मूळ या एका गुणात आहे. प्रोपिलीन ग्लायकॉलसारख्या द्रावकात विरघळवलेले औषध कातडीखाली जाताच तेथे त्याचा लहानसा साठा होतो आणि त्यातून ते हळूहळू झिरपत राहते. लेव्हामिसोल हे जुने जंतनाशक टोचल्यावर तासाभरात रक्तात कमाल पातळी गाठते आणि एका दिवसात बहुतांशी निघून जाते. आयव्हरमेक्टिनला ही पातळी गाठायला साधारण दोन दिवस लागतात. तेव्हाही एका मिलिलिटर रक्तद्रवात ते काही दशक नॅनोग्रॅमच असते. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग! एवढ्यावर परजीवींचे स्नायू लुळे पडतात.

रक्तात ते प्रामुख्याने अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरते, शरीरातील चरबीत साठते आणि तेथून पुन्हा थोडे थोडे रक्तात परतते. म्हणूनच त्याचा प्रभाव कित्येक दिवस टिकतो. परजीवींच्या मज्जातंतूंतील ज्या क्लोराइड-वाटांवर ते घाव घालते, त्या गायीच्या शरीरात नसतात. शिवाय पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे प्रथिन त्याला मेंदूत शिरू देत नाही. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत हा पहारेकरी सदोष असतो. गायीसाठी आणलेल्या बाटलीतील उरलेले औषध घरच्या कुत्र्याला टोचण्याचा मोह म्हणूनच जिवावर बेतू शकतो.

यकृतातून पित्तावाटे आतड्यात उतरून बहुतेक औषध शेणातून बाहेर पडते. मूत्रातून अगदी थोडे. त्या शेणात वाढणाऱ्या माश्यांच्या व शेणकिड्यांच्या अळ्याही त्याने मरतात.

खरी अडचण दुधाची. गोचीड दुभत्या गायीलाही लागतात, आणि कासेतील दुधात स्निग्धांश असल्याने औषध तेथेही उतरते. पाश्चरीकरणाने ते नष्ट होत नाही. त्यामुळे घरच्या मुलांसाठी वा सोसायटीत घालण्यासाठी जिचे दूध काढले जाते, त्या गायीला हे इंजेक्शन द्यायचे नसते. गाभण भाकड गायीलाही विण्याआधीचे काही आठवडे ते वर्ज्य असते. मांसासाठीची मुदत देशोदेशी वेगळी आहे; अमेरिकेत एक टक्का द्रावणाला ती ३५ दिवसांची आहे. याच कुळातील एप्रिनोमेक्टिन दुधात फारच कमी उतरते, म्हणून काही देशांत ते दुभत्या गायींच्या पाठीवर ओतण्यास मान्यता आहे. आपल्या गोठ्यात काय वापरावे, हे पशुवैद्यकानेच ठरवावे.

औषधाच्या रेंगाळण्याला आणखी एक बाजू आहे. पातळी उतरत असताना शेवटच्या दिवसांत औषध रक्तात असते, पण सर्व जंतांना मारण्याइतके नसते. जे चिवट तेच तगतात व पैदास वाढवतात. नजरेच्या अंदाजाने वजन कमी धरले, तर ही अवस्था अधिक लवकर येते. वजनकाटा नसलेल्या गोठ्यात छातीचा घेर फितीने मोजून वजन काढता येते, आणि ते टोचण्याआधीच काढावे.